ठोके पडलेत

“ठोके पडलेत.”

सिस्टर दुसऱ्या सिस्टरला अगदी हळू म्हणाली, पण लेबर रूममध्ये दोन खाटांच्या मध्ये नुसते पडदे, सगळ्यांना सगळं ऐकू जातं. खाटेशी उभ्या असलेल्या सासूबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. त्या साताऱ्याकडच्या. ठोके पडतात म्हणजे काळीज चालू आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. “पडत्यात न्हवं? मग झालं,” असं पुटपुटत त्या मुलाला सांगायला बाहेर गेल्या.

मी इंटर्न. शाळेपासून सगळं इंग्रजीत शिकलेली, त्यामुळे सिस्टरला ‘ठोके कमी झालेत’ म्हणायचं होतं आणि त्या भलताच अर्थ घेऊन गेल्या हे कळायला मला जरा वेळ लागला. कळल्यावरही मी त्यांना थांबवायला गेले नाही.

त्यांच्या सुनेला मात्र सगळं समजलं होतं. माझ्याच वयाची असेल. तिच्या पोटावर पट्ट्याने बांधलेली चकती बाळाचे ठोके मोजत होती आणि आकडा तिला समोर दिसत होता. मघाशी १४६, आता ८८. आकड्यावरून तिची नजर माझ्याकडे यायची आणि परत आकड्याकडे जायची.

सिझेरियनसाठी ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगून सिस्टर मोठ्या डॉक्टर मॅडमना फोन करायला गेली.

मी मशीनमधून बाहेर आलेला कागद हातात घेतला. ठोक्यांची रेघ घसरत खाली आली नव्हती. एका जागी तुटली होती आणि खालून पुन्हा सुरू झाली होती. नेमकी तेव्हाच सून कुशीवर वळली होती, हे मला आठवलं. शिवाय कळ आली की आकडा थोडा चढत होता. कळ आली की आईची नाडी वाढते.

मी तिचं मनगट धरलं. तिला वाटलं, धीर द्यायला धरलंय. तिने माझी बोटं घट्ट आवळली, त्यामुळे नाडीच लागेना. बोटं हळूच सोडवून पुन्हा धरलं. मशीनचा एक आवाज, माझ्या बोटाखाली एक ठोका. पुन्हा तसंच; मशीन तिचीच नाडी मोजत असावं. मी चुकत असले तर बाळाची मिनिटं वाया जात होती. बरोबर असले तर तिचं पोट उगाच कापलं जाणार होतं.

दुसऱ्या हाताने पट्टा सैल केला आणि चकती खाली सरकवली. नुसती खरखर. अजून थोडी डावीकडे घेतली. मग तो लगबगीचा आवाज आला, बोटाखालच्या नाडीशी अजिबात न जुळणारा. १४४. मी चकती तिथेच दाबून धरली.

सिस्टर आली तेव्हा फोन अजून तिच्या कानालाच होता. तिने आकडा बघितला, मग माझा हात.

“पट्टा सरकला व्हता?”

मी होकारार्थी मान हलवली. तिने मॅडमना तसं सांगितलं, माझी बोटं बाजूला करून स्वतः नाडी बघितली, बराच वेळ आवाज ऐकला आणि मग पदराने कपाळ पुसलं.

“डॉक्टर, तोंड हाय ना तुला? मंग तिला सांग. कवाची तुझ्याकडं बगते ती.”

मॅटर्नल पल्स हे इंग्रजी शब्द अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले.

“ताई, मघाचे ठोके तुमचे होते. हे बाळाचे आहेत. ऐका.”