उपासाचा लाडू

आमच्या गावातल्या बायांना देवानं भूकच दिली नसावी, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. निदान माझ्या डब्यासमोर तरी त्यांना भूक नसायची.

गाव आमचं माजलगावच्या बाजूचं, पण धरणाचा कालवा आमच्या शिवाराला वळसा घालून गेलेला. ऊस पलीकडच्या गावांना, आम्हाला तूर, बाजरी आणि म्हशी. म्हशी होत्या म्हणून बायांची दूध सोसायटी निघाली. बारावी शिकलेली सून गावात मी एकटीच, म्हणून सचिव मी झाले. आम्ही बौद्ध. बाकीच्या सभासद बाया वरच्या आळीतल्या. अध्यक्ष होत्या किराणा दुकानवाल्या काकू. कपाळाला भस्माचं बोट, सोमवार कडक. खरं सांगते, बाई चांगली होती. 'अक्षर हिचं चांगलं हाय, सचिव हीच व्हनार,' असं भर सभेत ठणकावून सांगितलं ते काकूंनीच. वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

सोसायटीची एक रीत होती. वार्षिक सभा झाली की प्रत्येकीनं घरून काहीतरी करून आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. पहिल्या वर्षी मी गव्हाची खीर केली. रात्रभर गहू भिजवले, उखळात कांडले, सासूबाईंनी गूळ किसला. पातेलं डोक्यावर घेऊन गेले. झाकण काढलं, तर एक म्हणाली, "अगं बाई, माझा गुरुवार हाय आज." दुसरी म्हणाली, "मला बी न्हाई चालत, धरलाय मी." तिसरीला चतुर्थी आठवली. चतुर्थी परवा होती! पातेलं जसंच्या तसं घरी आलं. तीन दिवस आम्ही खीर खात होतो. पुढच्या वर्षी धपाटे नेले, तर त्या दिवशी शनिवार निघाला. एवढे उपास केले तर देव स्वतः खाली येऊन म्हणेल, बायांनो, जेवा गं आता!

मग काकूच एकदा प्रेमानं म्हणाल्या, "तू कावून चुलीपाशी जीव जाळतीस? केळी आनत जा की." मी आणली केळी. फस्त झाली. त्या वर्षापासून माझ्या वाट्याला केळीच आली. मला वाटलं, काकू माझे कष्ट वाचवतायत. बारावी शिकले होते, पण अक्कल तेवढीच.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. धरणात गाळ उघडा पडला. म्हशी छावणीत बांधल्या, त्यांना काकूंनी स्वतः भांडून दावण मिळवून दिली, माझ्या म्हशीलासुद्धा. सोसायटीत दूध इतकं कमी यायचं की कॅन हलवला की आत आपटल्याचा आवाज यायचा. पाण्याचा टँकर एक दिवसाआड. टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि सगळ्यांनी शेंदायचं. तिथे दोराला दोर, घागरीला घागर लागायची, आणि कुणाला काही आठवायचं नाही. टँकरच्या रांगेत कुणाचाच उपास नसतो.

त्या वर्षी केळी कुठली मिळणार? म्हणून मी डोकं चालवलं. ह्यांना उपासच असतात ना? मग उपासाचंच नेते. बघू कशी नाही म्हणतात! उपासाला काय चालतं ते मी शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ केलं. खजूर चालतो. बदाम, काजू, मनुका, सुकं अंजीर, खोबरं, शेंगदाणे, वेलदोडा, सगळं चालतं. आणि दुष्काळात ह्याला पाणीही लागत नाही, सरपणही लागत नाही.

सामान काकूंच्याच दुकानातून आणलं. काळा खजूर, बोटानं दाबला की मऊ लागणारा. एकेक बी काढली, आतली देठाची पांढरी टोपी खरवडली. पाटा पुसून त्यावर खजूर वाटायला घेतला. वाटताना वरवंटा असा चिकटतो की दोन्ही हातांनी ओढावा लागतो. बदाम, काजू अडकित्त्यानं बारीक केले. बदाम कमी आणि शेंगदाण्याचं कूट जास्त, आमच्या ऐपतीचं प्रमाण तेवढंच. अंजीर चिरून घातले, मनुका अख्ख्या. मळत राहिलं की खजुराचा चिवटपणा सगळ्याला धरून ठेवतो, पाक नको, तूप नको. लाडू वळले आणि खोबऱ्याच्या किसात घोळवले. दाणे कच्चेच होते, त्यामुळे दाताखाली जरा पिठूळ लागत होते, पण दिसायला असे देखणे की मीच दोन वेळा ताट झाकून पुन्हा उघडलं.

सभेत मी ताट ठेवलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "उपासाचे हायेत. पाण्याचा थेंब न्हाई, चुलीची धग न्हाई!"

बायांनी एकमेकींकडे बघितलं. काकूंनी पहिला उचलला. मग काय, झुंबड उडाली. "लई झ्याक झालेत गं!" "पुढच्या म्हयन्यात जादा सभा हाय, तवा बी हेच आन!" मी रिकामं ताट घेऊन घरी आले ते जवळजवळ पळतच. सासूबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. मी ताट उलटं करून दाखवलं. म्हणाले, "बघा आत्याबाई, एक ऱ्हायला न्हाई. खाल्लं त्यांनी आपल्या हातचं!"

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "पानी घातलंतंस का?"

"न्हाई."

"चुलीवर ठिवलंतंस?"

"न्हाई."

"मग आपल्या हातचं कुठं खाल्लं? कोरडं चालतंच त्यांला. मी काढलेली तूर चालती, मी सोललेल्या शेंगा चालत्यात. पानी लागलं, चूल लागली, की न्हाई चालत. तुला केळी कावून सांगितली व्हती मग?"

मी तिथेच खाली बसले. असा राग आला की विचारू नका. आणि रागाहून जास्त लाज वाटली, माझीच. 'पाण्याचा थेंब नाही, चुलीची धग नाही,' हे मीच ओरडून सांगून आले होते! त्यांना जे विचारायला तोंड झालं नसतं, त्याचा जबाब मी न विचारता, हसत हसत दिला होता. वर्षानुवर्षं त्या ताकाला येऊन भांडं लपवत होत्या, आणि ह्या बारीला भांडं लपवायला मदत मी केली.

त्या रात्री ठरवलं. आता एकदाच, पण सोक्षमोक्ष. एक तर चुलीवरचं, पाण्यातलं, माझ्या हातचं खातील, नाहीतर का नाही खात ते तोंडानं सांगतील. उपासाचं नाव पुन्हा ऐकून घेणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "सचिवपद जाईल." म्हटलं, "जाऊ द्या."

जादा सभेची तारीख सचिव काढतो. मी सोमवार काढला.

पुन्हा त्याच दुकानातून तेच सामान आणलं. ह्या बारीला चूल पेटवली. पातेल्यात पाणी कढवलं, त्यात खजूर टाकून झाकून ठेवला. कढईत शेंगदाणे खरपूस भाजले, बदाम भाजले, खोबऱ्याचा किस तांबूस केला. भाजल्या खोबऱ्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. भिजलेला खजूर पाट्यावर लोण्यागत वाटला गेला. पुन्हा आटवून घट्ट केला आणि सगळं एकत्र मळलं. खोटं कशाला बोलू, लाडू पहिल्यापेक्षा कितीतरी चांगले झाले.

सभा दुपारी होती. छावणीचा विषय झाला, टँकरचा विषय झाला. मी ताट मधोमध ठेवलं आणि उभी राहिले.

"लाडू उपासाचे हायेत. पन आधी सांगते. खजूर माझ्या घागरीच्या पान्यात भिजवलाय आन दाने माझ्या चुलीवर भाजल्यात. ज्येला खायाचं त्येनं खावा."

मी ताट उचललं आणि एकेकीपुढे धरत गेले. एकीनं लाडू घेऊन पदरात बांधला. दुसरी म्हणाली, दाढ दुखतीय. दात पडलेली एक म्हातारी होती, तिनं घेतला, तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ह्या बारीला मऊ झालेत गं! मागचे हिरडीला लई चिकटत व्हते." आणि तिनं दुसरा घेतला. मग दोन तरुण सुनांनी खाल्ला. एकीनं माझ्याकडे बघत खाल्ला, एकीनं खाली बघत. बाकीच्यांचे डोळे काकूंवर.

मी ताट काकूंपुढे धरलं.

"माझा सोमवार हाय, पोरी."

"म्हनूनच केलेत काकू. उपासालाच चालत्यात. खजूर तर तुमच्याच दुकानातला हाय."

"मी खाऊन आले सकाळी."

"काय खाल्लं?"

"शाबूदाना."

"मग ह्ये बी चालतंय की."

काकूंनी लाडू घेतला आणि टेबलावर शिक्क्याच्या पॅडशेजारी ठेवला. म्हणाल्या, "खाते मागनं." सभा संपली. बाया भराभर उठल्या, चपला शोधायला लागल्या.

खोलीत आम्ही दोघी राहिलो. सभेचं इतिवृत्त मी लिहायचं आणि अध्यक्षांनी वाचून सही करायची, असा नियम. मी लिहिलं. छावणी, टँकर, सगळं. आणि शेवटी लिहिलं: 'सभेनंतर सचिवांनी घरी केलेले लाडू सर्वांना देण्यात आले. अध्यक्षांचा उपवास होता. लाडू उपवासाला चालणारा होता. अध्यक्षांनी तो खाल्ला नाही.'

रजिस्टर काकूंपुढे सरकवलं. त्या बोट ठेवून वाचायच्या. बोट शेवटच्या ओळीवर आलं आणि तिथंच थांबलं.

"हे कावून लिवलंस?"

"घडलं त्ये लिवायचं, तुमीच सांगितलंवतं मला पहिल्या दिशी."

"खोड हे."

"खोडते. लाडू खा."

काकूंचा चेहरा लाल झाला. "मला धमकी देतीस?"

"व्हय," मी म्हणाले. ते 'व्हय' माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून नवल वाटतं.

"तुला सचिव कुनी केलं गं? तुझी म्हैस छावनीत कुनी घातली?"

"तुमी. मी कवा न्हाई म्हनले? माझ्या म्हशीचं दूध तुमी सगळ्यांच्या कॅनात घेता. माझं अक्षर चालतं, माझी सही चालती. माझ्या हातचं तेवढं ऱ्हायलंय काकू. न्हाई खायाचं तर नका खाऊ, पन मग देवाचं नाव पुढं करू नका. तुमचं म्हना. मी तसं लिविते, तुमी सही करा."

डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. मी ते पुसलं नाही, दिसू दिलं. काकू एकदा उठायला गेल्या, पुन्हा बसल्या. मग त्यांनी लाडू उचलला. आधी एक कोपरा तोडला, चावला. मग अर्धा. मग सगळा. घशात अडकला असावा, माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. मी माझा तांब्या दिला. एरवी त्या पाणी वरून प्यायच्या. त्या दिवशी तांब्या तोंडाला लावला.

जबरदस्ती केली म्हणाल, तर केली. खिरीचं पातेलं झाकून उन्हातून घरी आणताना माझ्यावर कुठली जबरदस्ती झाली होती, ते आधी सांगा.

"आता खोड," काकू म्हणाल्या.

मी पेन उघडलं आणि चारही वाक्यांवरून एकेक रेघ मारली. बारीक रेघ. रजिस्टर सोसायटीच्या कपाटात आहे, कुणीही काढून बघावं. अक्षर न् अक्षर वाचता येतं, आणि खाली सही काकूंची आहे.