झोपून बघणारी मावशी

वडिलांच्या शेवटच्या दिवसांसाठी शुश्रूषा केंद्र शोधत मी सातिवलीला गेलो, तेव्हा माझ्याकडे प्रश्नांची यादी होती. उलगडली असती तर शेजारच्या कामण गावापर्यंत पोचली असती. तिथल्या एका केंद्राच्या वॉर्डात मी सिस्टरला परवान्यांबद्दल विचारत होतो, तेवढ्यात हिरव्या लुगड्यातली एक वाळकी म्हातारी सरळ रिकाम्या खाटेवर आडवी झाली. तिने उशी दाबली, कूस बदलली, छत असं न्याहाळलं की छतालाच घाम फुटावा. मग हात लांब केला.

"सिस्टर, पानी हाताशी नाय. तहान लागली तं काय अर्ज करू?"

सिस्टरने त्या खाटेचं पाण्याचं स्टूल जवळ सरकवलं, आणि मग कोणी न सांगता वॉर्डातल्या सगळ्याच खाटांची.

"चालंल हितं," म्हातारी म्हणाली.

"मावशी, कोणाला ठेवायचंय?" मी विचारलं.

"मलाच. चप्पल काय दुसऱ्याच्या पायानं घेतात?" तिने माझ्या यादीकडे पाहिलं. "तू कोनाच्या पायानं आलास?"

दुसऱ्या दिवशी मी वडिलांनाच घेऊन गेलो. खाटेवर आडवे होऊन ते म्हणाले, "पंखा फार कुरकुरतो रे."

माझ्या यादीत पंखा कुठेच नव्हता.