पाहुणे कोंडायची खोली

माणसांना एका खोलीत कोंडून आपण बाहेर कॅमेऱ्याच्या स्क्रीनसमोर बसलं, की किस्से शोधत फिरावं लागत नाही. आमच्याकडे दर रविवारी दोन-तीन तरी घडतात. त्यातही थोरामोठ्यांचे जास्त. अनुभवी माणसं ना!

मी आणि सुजाता कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. वारूळवाडीत आमच्या घरावरच्या दोन रिकाम्या खोल्यांत आम्ही एस्केप रूम काढली. थीम : 'मुलगी बघायचा कार्यक्रम'. तुम्ही मुलाकडचे पाहुणे, दार बंद. पाऊण तासात किल्ली शोधा आणि सुटा. मुलीच्या जागी कापडदुकानातला जुना पुतळा, साडी नेसवलेला.

माझ्या वडिलांशी, म्हणजे दादांशी, करार झालाय : रूम चालू आहे तोवर माझ्यासाठी खरं स्थळ आणायचं नाही.

*

पहिला खेळ आमच्याच वर्गातल्या चार मुलांचा. त्यांनी सोफा उलटा केला, घड्याळ खोललं. किल्ली होती दुसऱ्या खोलीत मांडलेल्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यात. पाऊण तासात एकानंही तो उंबरा ओलांडला नाही!

"अगं, आम्हाला वाटलं ती खोली नुसती डेकोरेशनला आहे!"

त्यांच्या घरीही तसंच वाटत असणार.

*

पारगावच्या बचत गटातल्या पाच बायका नऊ मिनिटांत बाहेर! शिवाय आतले कप विसळून पालथे घातलेले.

"मावशी, एवढ्या लवकर कशा सुटलात?"

"बाई, असल्या घरातनं सुटायची तयारी पंचवीस वर्सं चाललीय."

*

दोन रिटायर्ड काका एकमेकांना न ओळखता एकाच बॅचला आले. किल्ली राहिली बाजूला. "गाव कंचं?" पासून सुरुवात झाली आणि विसाव्या मिनिटाला एकाच्या आत्याचा दीर दुसऱ्याचा साडू निघाला. वेळ संपली, आम्ही दार उघडलं.

"लाव गं ते दार! बोलतोय न्हवं आमी?"

*

एक आजी नातवंडांबरोबर आल्या. पुतळ्यासमोर बसल्या, त्याचा पदर नीट केला, नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लई गुणाची पोरगी. मगापासनं एक शब्द बोलली न्हाई!"

*

परवा संध्याकाळी दादा स्वतः निरगुडसरचे तीन पाहुणे घेऊन आले. "ह्यांना तुमचा गेम बघायचाय." दादांसकट चौघांना आत घेतलं, दार लावलं. कॅमेऱ्यावर आम्ही पाहतो, तर पाहुणे हलक्या आवाजात विचारताहेत, "बाहीर कॉम्प्युटरवर बसलेली, तीच ना मुलगी?"

दादा म्हणाले, "तीच."

मी माईक ओढला. "पाहुणे, आज किल्ली नाही. दार एका वाक्यावर उघडेल. 'मुलगी पसंत नाही' असं मोठ्यानं म्हणायचं."

मुलीच्या बापासमोर असं कोण तोंडावर बोलतं! शेवटी थोरले पाहुणे खाकरले. "आमी घरी जाऊन कळवतो की."

"घरी जायला दार उघडावं लागेल, काका."

दहा मिनिटं गेली. वीस गेली. पाहुणे छताकडे बघत होते, दादा घड्याळाकडे. सहाला डेअरीची गाडी निघते. पावणेसहाला दादा ताडकन उठले आणि कॅमेऱ्यात बघून ओरडले,

"न्हाई पसंत पोरगी! उघड आता, दूध घालायचं ऱ्हायलंय माझं!"