पाणी न पिणारं पिल्लू

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत ताईने आपल्या मुलीला माझ्याकडे रत्नागिरीला धाडलं. ताईचं सासर आत घाटाकडच्या गावात, मेहुणे मुंबईला नोकरीला. गावच्या शाळेतली सगळी पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत मावत. "तिला तुझ्या वाचनालयात ने गो," ताईने बजावलं होतं. मी शाळेत शिकवायचे आणि सुट्टीत संध्याकाळी वाचनालयाचा बालविभाग सांभाळायचे.

भाची दहा वर्षांची, अबोल. पण लाकडी खणांतली कार्डं पाहिली आणि तिचे डोळे चमकले. मी तिला सांगितलं, "पुस्तकाचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. काय हवंय ते एका शब्दात म्हणायचं आणि तो शब्द शोधायचा." जाड कोशांच्या मागची सूची कशी बघायची तेही दाखवलं. तिने हापूस शोधला. तिथे लिहिलं होतं, 'पाहा : आंबा'.

"पाहा म्हणजे?"

"म्हणजे उत्तर इथे नाही, तिकडे आहे. तिकडे जायचं."

हा खेळ तिला फार आवडला. मासे, माड, वीज, काय वाटेल ते शोधायची. मग एका संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मावशी, कुत्र्याचं पिल्लू पाणी का पीत नाही, ते कुठे असतं?"

"शब्द काय घेशील?"

"कुत्रा."

प्राण्यांचं पुस्तक तिने आपणच काढलं, बराच वेळ वाचलं आणि परत आणून ठेवलं. "यात नाही," एवढंच म्हणाली. उजव्या हाताचं बोट तिने मुठीत धरलं होतं. चार-पाच दिवसांपूर्वी त्या बोटावर डाग दिसला तेव्हा, काजूचा चीक लागला, असं तिने सांगितलं होतं. मी खोबरेल लावलं होतं. काजूच्या दिवसांत कोणाच्या हाताला चीक लागत नाही?

दुसऱ्या दिवशी ती बालविभागात दिसेना. मोठ्यांच्या खोलीत गेले, तर लांब टेबलाच्या टोकाला एकटीच बसलेली. पुढ्यात आरोग्याचा जाडजूड कोश. पंखा जोरात फिरत होता, पानं उडू नयेत म्हणून तिने दोन्ही कोपर त्यांवर टेकले होते. मी मागे जाऊन उभी राहिले तरी तिला पत्ता नाही. पानाच्या माथ्यावर शब्द होता : अलर्क. खाली कंसात, पिसाळ रोग.

मी शेजारची खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"इथे कशी पोचलीस?"

"पाणी शोधलं. तिथे 'पाण्याची भीती' असं होतं. त्याच्यापुढे 'पाहा : अलर्क' लिहिलं होतं." ती वर न बघताच बोलत होती.

"कोण पाणी पीत नव्हतं गो?"

मग तिने सांगितलं. आमच्या घरामागच्या कातळावर चिऱ्यांचा ढीग होता, त्याच्या आडोशाला एक पिल्लू राहायचं. ती त्याला दुधात कुस्करलेली भाकरी नेऊन घालायची. एक दिवस ते खाईना. तोंडातून लाळ गळत होती. तिने पाण्याची करवंटी पुढे सरकवली, तर ते बोटाला चावलं.

"आता कुठंय ते?"

"मेलं. काल सकाळी."

मी उरलेल्या मुलांना घरी पाठवलं, कपाटं तशीच टाकली आणि रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ती म्हणाली, "मावशी, पुस्तकात लिहिलंय, एकदा सुरू झालं की उपाय नाही. खरं आहे?"

पुस्तकातलं खरं असतं, हे मीच तिला शिकवलं होतं.

"सुरू झालं तर," मी म्हटलं. "अजून झालेलं नाही."

पिल्लू चावलं म्हटल्यावर डॉक्टरांनी बोट उलटसुलट करून पाहिलं. "पिल्लावर लक्ष ठेवलंय ना?"

"मेलं," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. नर्सला त्यांनी तिथल्या तिथे लस आणायला सांगितली. बोट साबणाने पुन्हा पुन्हा धुऊन घेतलं.

"उशीर झालाय का?"

"आज आलात ते बरं झालं. पुढचं आज सांगता येत नाही. काही महिने वाट बघायची."

त्या काळी ती इंजेक्शनं पोटात देत, रोज एक. त्यांच्याच भीतीने तिने तोंड उघडलं नव्हतं. पण प्रत्यक्षात ती रडली नाही. छताकडे बघत निजून राहायची. रात्री अंग तापायचं, आणि हा ताप लसीचा की दुसरा, या विचाराने मी उठून बसायचे. तिने अर्धा पेला पाणी टाकलं तरी माझा जीव खालीवर व्हायचा. "मावशी, तू माझ्याकडे बघू नको ना," एकदा ती चिडून म्हणाली.

निरोप मिळताच ताई एसटीने आली. इंजेक्शनांनी सुजलेल्या लेकीच्या पोटावर तळवा ठेवून तिच्याजवळ झोपू लागली. एका दुपारी भांडी घासताना तिने विचारलं, "रोगाचं तिला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तिनेच शोधून काढलं."

ताईचा हात राखेतच राहिला. "आणि नसतं सापडलं तर?"

मी घासलेली भांडी विसळायला घेतली.

सुट्टी संपली, शाळा उघडल्या, तरी मायलेकी माझ्याकडेच राहिल्या. डॉक्टरांनी धोका टळल्यासारखा वाटतो म्हटलं तेव्हा नवरात्र जवळ आलं होतं. "वाटतो" हा शब्द ताईला पुरला नाही. ती देवीला जाऊन ओटी भरून आली आणि मगच तिने सामान बांधलं. भाची आज धडधाकट आहे, तिला स्वतःची मुलं आहेत. मुलं कुत्र्याच्या पिल्लासाठी मागे लागली की भाचीचा चेहरा क्षणभर पांढरा पडतो. का, ते मुलांना अजून कोणी सांगितलेलं नाही.