बसू दिलं म्हणून

आमची कंपनी ऑस्ट्रेलियातली आणि मी तिच्या अबू धाबीच्या ऑफिसात. दर शुक्रवारी सकाळी पर्थच्या लोकांबरोबर ऑनलाइन मीटिंग असते. ती सुरू होण्याआधी तिथला कोणीतरी चार ओळी वाचतो: आम्ही बसलो आहोत ती जमीन मुळात इथल्या आदिवासींची आहे, त्यांचा मान राखून कामाला सुरुवात करतो.

तेवढ्यात आमच्याकडचे निम्मे कॅमेरे बंद होतात आणि लोक चहा आणायला उठतात. सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सांगत असताना आपण मोबाइल चाळतो ना, तसंच. पर्थवालेही काही कमी नाहीत. तिथले एक साहेब त्या ओळी विमानातल्या सीटबेल्टच्या सूचनेसारख्या उरकतात. एकाने तर चॅटमध्ये लिहिलं की हे दर वेळी हवंच का, आणि त्याखाली पटापट अंगठे उमटले. पर्थच्या टीममध्ये एक बाई आहेत, स्वतः त्या मूळ लोकांपैकी. त्या स्क्रीनवर नुसत्या बसून होत्या. मला त्या अंगठ्यांचा असा संताप आला की पुढची मीटिंग माझ्या डोक्यात शिरलीच नाही.

मग मीटिंग चालवायचं काम आळीपाळीने करायचं ठरलं आणि माझी पाळी आली. पर्थहून निरोप आला, आमच्या ओळी वाचाच, शिवाय तुम्ही जिथे बसता त्या जागेबद्दलही एखादं वाक्य बोला. आमच्या मॅनेजरनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, उधर का पढ़ो और खलास. इधर की जमीन की बात मत छेड़ो. व्हिसा पे बैठे हैं हम."

नवऱ्याची नोकरी गेलेली, घरातले सगळे माझ्या व्हिसावर. माझा करार नूतनीकरणासाठी आमच्या ऑफिसच्या डायरेक्टरांकडे पडून होता आणि लेक बारावीत. करार अडकला असता तर ऐन परीक्षेच्या तोंडावर तिला घेऊन परत जावं लागलं असतं. एका साध्या वाक्यात कोणाला राग येण्यासारखं काय असेल, ते मला सांगता येईना, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. पोळ्या लाटताना मी ते वाक्य मनात जुळवायची. मालक म्हणावं तर कोणाला, आणि न म्हणावं तर कोण दुखावेल? नवरा म्हणाला, कशाला नसती उठाठेव करतेस.

शुक्रवारी मी घरूनच, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले. आणि एरवी कधीही न येणारे डायरेक्टर स्क्रीनवर आले. ते इथलेच, अमिराती, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात. पर्थच्या ओळी कशाबशा वाचल्या. त्या बाईंनी मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात बघत राहिल्या. तेवढ्यात मॅनेजरचा मेसेज आला, नेक्स्ट पॉइंट. तिथेच थांबणं सोपं होतं. पण घरच्या पूजेत आपण स्थानदेवतेचा विडा आधी मांडतो, मग बाकीचं. देवतेचं नाव इथे घ्यायची माझी छाती नव्हती. म्हणून इंग्रजीत एवढंच म्हणाले, "आणि मी बसले आहे त्या जागेच्या लोकांना माझा नमस्कार. त्यांनी बसू दिलं म्हणून आम्ही बसलो आहोत."

डायरेक्टर खाली कुठेतरी बघत होते, फोनमध्ये की माझ्या करारात, कोण जाणे. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात अख्खं घर खोक्यांत भरलं. मग ते म्हणाले, "यल्ला, लेट्स स्टार्ट." त्यांच्या आवाजावरून मला काहीच कळलं नाही.

मीटिंग संपली. लेक पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"त्या जागेचे लोक," ती माझंच वाक्य म्हणाली, आणि मग, "ममा, आय वॉज बॉर्न हिअर. वॉज दॅट मी टू?"

उत्तर द्यायच्या आधी मी माइक बंद आहे ना, ते पाहिलं.