वखारीच्या मागच्या दारात

...आणि त्या नवरदेवाचा फेटा मष्णूनं पार सोडायला लावला, इथवर काल आलो होतो. चिकोडीचं जोडपं, हौसेनं फोटो काढायला आलेलं. फेट्यातून निघाल्या नुसत्या टाचण्या. तरी याचं समाधान न्हाय. म्हणतो, "एवढ्या टाचण्या कशाला लागतात ओ?"

मष्णू म्हणजे निपाणीतल्या त्या संग्रहालयाचा पहारेकरी. इंग्रजांच्या राज्यात एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं बांधलेलं घर ते. पुढं शेटजींची बैठक, मागं तंबाखूची वखार. आता सगळं जसंच्या तसं जपलंय, तिकीट काढून बघायचं. मष्णू माणूस कष्टाळू, पण संशयाचं यंत्र अखंड चालू. घरात डब्यातला गूळ कमी झाला तर हा मुंग्यांवर पाळत ठेवायचा. बायको यशोदाबाई म्हणायची, "मला बघायला आलता, तवा चहाची बशी बी उलटून बघितलीसा."

तर एका बाजारादिवशी सकाळी बैठकीतला शेटजींचा पितळी अडकित्ता गायब. संग्रहालय सांभाळणारे रविराज सर घाम पुसत म्हणाले, "मष्णू, संध्याकाळपर्यंत मिळाला न्हाय तर वरचे लोक तुला ठेवणार न्हाईत. माझं बी काय चालणार न्हाय."

मष्णूच्या डोक्यात एकच नाव आलं. अक्काताई. ही म्हातारी दर बाजारादिवशी यायची. बैठक बघायची न्हाय, झोपाळा बघायची न्हाय. सरळ वखारीत जाऊन भिंतीला टेकायची. आणि निघताना मागच्या दारात थांबून, कुणी न सांगता, दोन्ही हात वर करायची, पदर झटकायची, ओचा चाचपून दाखवायची, मगच उंबरा ओलांडायची. आता तुम्हीच सांगा, जवळ काही नसलेलं माणूस एवढं दाखवील कशाला? मष्णूला तर हे कधीपासून खुपत होतं.

त्या दिवशीही ती सकाळीच येऊन वखारीत टेकली होती. दुपारी तो मागच्या दाराआड दबा धरून राहिला. म्हातारी निघाली, दारात थांबली, हात वर. हा झटकन पुढं.

"आक्का, कुणाला दावताय हे?"

ती दचकली, पण हात खाली आले न्हाईत. "अरं बाबा, हितं जरदा चाळण्यात जन्म गेला माझा. सांजंला सुटलो की ह्याच दारात बायकांची झडती. चिमूटभर नेला आसंल म्हणून पदर झटकायला लावायचे, केसाचा बुचडा सोडायला लावायचे. वखार बंद पडली, पर हातास्नी कुठं कळतंय?"

"मग आता कशाला येताय?"

"वासाला येतो रं. त्याचं बी तिकीट काढलंय न्हवं?" मग ती पाठमोरी झाली आणि मान खाली घातली. "घे, बुचडा बघायचा तर बघ. मला सवय हाय."

मष्णूचा हात निम्म्यात आला होता. समोर पांढरा बुचडा, आणि नोकरी त्यावरच टांगलेली. त्यानं हात मागं घेतला.

"हात खाली घ्या आक्का, जावा तुमी."

गेली ती. आता संशय फिटला म्हणाल, तर छे. कोपऱ्यापर्यंत तिच्या पिशवीवरची नजर यानं काढली न्हाय.

संध्याकाळी सर कुलूप लावायला निघाले. "म्हातारी गेली, अडकित्ताबी गेला. झडती घेतलीस का न्हाय तिची?"

मष्णू म्हणाला, "न्हाय घेतली सर, आन् घेणार बी न्हाय. ह्या दारात तिची झडती लई झालीया. नोकरी काढायची तर काढा. पर तुमी रोज बॅग डाव्या खांद्याला घेताय, आज उजव्याला हाय. ती तेवढी उघडून दावा, आन् मग जावा."