न ठोकलेला गट्टू

लोहाऱ्यातल्या आमच्या गल्लीचा रस्ता मशीनशिवाय, हातांनीच झाला. इथल्याच ठेकेदाराने इथलीच माणसं लावली होती. त्यांतली एक बाई सिमेंटचा प्रत्येक गट्टू बसवून हातोड्याने दोनदा ठोकायची आणि वाकून, कान लावून ऐकायची. माझ्या फाटकासमोरचा एक मात्र तिने ठोकलाच नाही.

"बाई, हा ढिला काहून ठेवला?"

"खाली बुजवलेली विहीर हाय, भाऊ. मी ठोकलं का खालून बी कोणी ठोकते. त्याले कोंडू नका."

मी शिकलेला माणूस, हसलो. ती गेल्यावर तो गट्टू सिमेंटने पक्का केला.

तेव्हापासून भर दुपारी माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीखालून दोन ठोके येतात. मग कोणीतरी कान लावून ऐकत असल्यासारखी शांतता.